पावणेचार इंच

आर्डिस क्वामे यांच्या उजव्या भुवईवर एक पांढरी कोर आहे. नखाएवढी, पण दोन हातांवरूनही दिसते. रायफलवरच्या दुर्बिणीने दिलेली. त्या वेळी त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. नवरा हाल्वोर याने स्वयंपाकघरात उभ्याने, अंगात नुसता बनियन, दुर्बीण कमीत कमी ताकदीवर ठेवून रायफलवर आवळली आणि बायकोच्या हातात दिली. बाईंनी ती टेकडीवर नेली, जाड कोट घालून पालथ्या पडल्या, ताकद पूर्ण वाढवली आणि चित्र नीट दिसेना म्हणून मान पुढे घातली. चाप ओढला. रायफलने मागे येऊन काचेची कड थेट भुवईत घातली. “आधी एल्क पडला, मग मी,” असं त्या सांगतात, आणि त्या एल्क हरणाला एकच गोळी लागली होती हे सांगायला विसरत नाहीत.

रविवारी त्या त्याच कपाळाने चर्चला गेल्या. पट्टी नाही, पावडर नाही. नेमबाजी क्लबातल्या पुरुषांनी हसून घेतलं. कुणीतरी म्हणालं, “आता तुझी टोपी भिंतीवर ठोकायला हवी, म्हणजे पुढच्यांना धडा.” आर्डिसबाई गाडीतून हातोडा घेऊन आल्या, लाल लोकरीची टोपी पश्चिमेच्या भिंतीवर ठोकली, खाली पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहिली. “हं. आता नियम झाला. पुढचा कोण?” तेव्हापासून हार्लो क्रीकच्या क्लबात दुर्बीण ज्याला चावेल त्याने टोपी ठोकायची. या ऑगस्टपर्यंत अकरा टोप्या झाल्या होत्या, आणि बाकीच्या दहाही पुरुषांच्या.

मी ऑरिन. गावाच्या धान्यकोठारावर वजनकाटा सांभाळतो. पहिलीपासून बाईंच्या शाळेच्या बसने गेलो. त्यांनी चौतीस वर्षं बस चालवली. गावात पंचविशीच्या पुढचा माणूस सापडणं कठीण ज्याला त्यांनी कधी ना कधी आरशातून बघून “खाली बस” म्हटलेलं नाही. आम्ही सगळे त्यांना ‘बाई’च म्हणतो, केस पिकले तरी. मोठा झाल्यावर एकोणीस वर्षं मी त्यांच्या शेजारी चटईवर पडून वारा वाचत आलो. गोळी कुठे लागली, झेंडा किती हलतोय, हे मी सांगायचं आणि त्यांनी “ते मला दिसतंय” म्हणायचं.

बाई आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. बसच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरल्या तेव्हापासून मानेचे दोन मणके एकमेकांत जोडलेले आहेत, त्यामुळे मान पुढे जात नाही. त्यांना मागचं बघायचं तर त्या सगळ्या अंगाने वळतात, तोफ वळावी तशा. पण पालथं पडून, गाल लाकडावर टेकवून, हजार यार्डांवरच्या कागदावर वीस गोळ्या झाडायच्या तर त्या मानेला काही म्हणणं नसतं. अट एकच. डोळा जिथे आपणहून येतो तिथे चित्र पूर्ण दिसलं पाहिजे.

आता हे ज्यांनी केलेलं नाही त्यांना सांगायला हवं. रायफलच्या दुर्बिणीला डोळा चिकटवत नाहीत. काच आणि डोळा यांच्यात जागा सोडावी लागते, कारण धक्क्याने रायफल मागे येते. ही जागा प्रत्येक दुर्बिणीची ठरलेली असते. डोळा त्या जागी असला तर कडेपर्यंत लख्ख गोल दिसतो. जरा पुढेमागे झाला की बाजूने काळी कड आत सरकते. आणि ताकद जितकी वाढवाल तितकं डोळ्याला हलायला कमी मिळतं. काही दुर्बिणींत तर ती जागाच आखडते. बाईंची दुर्बीण चोवीस पटीची, जुनी, कोपऱ्यांवरचा रंग गेलेला. तिची जागा पावणेचार इंच. ताकद कितीही ठेवा, पावणेचार.

दर ऑक्टोबरात आमच्या क्लबाचा शेजारच्या गिल्मन फ्लॅट गावाच्या क्लबाशी सामना होतो. चौघांचा संघ. बावीस वर्षं त्या चौघांत आर्डिसबाई आहेत. बाकीचे तिघे या वर्षी कप्तान वेड शाफ्नर, घोड्यांचे नाल ठोकणारा लाइल आणि मी.

वेड छत्तीस वर्षांचा, मुख्य रस्त्यावर बंदुकांचं दुकान चालवतो. मुलगा वाईट नाही, पण नवी वस्तू दिसली की त्याला दम धरवत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याने क्लबात साठ पटीची एक लांबलचक दुर्बीण आणून टेबलावर ठेवली, लहान बाळ ठेवावं तशी.

“या वर्षी चौघंही हीच लावणार,” तो म्हणाला. “कंपनी चार दुर्बिणी देतेय, चार जाकिटं देतेय, आणि त्यांच्या मासिकात फोटो येणार. संघ कसा एकसारखा दिसेल.”

बाईंनी दुर्बीण उचलली, खिडकीबाहेर धरली, फिरवून ताकद पूर्ण केली आणि परत ठेवली. “मला चालायची नाही.”

“का बाई? हजार यार्डांवर माशी बसली तरी दिसते.”

“माशी मारायला मी येत नाही. ही डोळा फार जवळ मागते. माझी मान तिथवर जात नाही.”

“जवळ कुठे? खोक्यावर बघा ना, पावणेचार लिहिलंय. तुमचीही पावणेचारच. सारख्याच आहेत!”

“खोकं लिहिणाऱ्याला काय, त्याला गोळी झाडायची नाही.”

वेड हसला. मग जे बोलायला नको होतं ते बोलला. “बाई, राग मानू नका. दुर्बिणीचं काही नाही हो. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मानेचं असं आहे. कधीतरी थांबावंच लागतं माणसाला. जमत नसेल तर माझा मेहुणा तयार आहे.”

आर्डिसबाई सगळ्या अंगाने त्याच्याकडे वळल्या.

“वेड, तू माझ्या बसमध्ये सातव्या सीटवर बसायचास ना?”

“हो बाई.”

“खिडकीतून डोकं बाहेर काढायचास.”

“...हो.”

“अजून तेच करतोयस. डोकं पुढे काढून बघावं लागतं ती दुर्बीण माझ्या कामाची नाही. दुर्बिणीने डोळ्याकडे यायचं असतं. सतरा तारखेला इथे या सगळे, आपापल्या दुर्बिणी घेऊन. मोजूनच घेऊ.”

सतरा ऑगस्टला आम्ही नऊ जण जमलो. मैदानाच्या कडेला सहलीचं लाकडी टेबल आहे, त्यावर बाईंनी आठ दुर्बिणी वाळूच्या पिशव्यांवर आडव्या मांडल्या. शिवणकामाची लाकडी पट्टी, एक पांढरं पोस्टकार्ड, आणि आकडे लिहायला अंड्यांच्या खोक्याचं झाकण. भाजलेली रुबार्बची गोड पाईसुद्धा आणली होती, पण मोजणी होईपर्यंत हात लावायचा नाही असं बजावून.

पद्धत साधी होती. दुर्बिणीचं तोंड उजळ आभाळाकडे करायचं आणि डोळ्याकडच्या काचेमागे कार्ड धरायचं. कार्डावर उजेडाचा गोल ठिपका पडतो. कार्ड मागे नेलं की ठिपका लहान आणि कडक होत जातो, मग पुन्हा पसरतो. जिथे सर्वांत लहान आणि धारदार, तिथे डोळा असायला हवा. तेवढं अंतर पट्टीने मोजायचं. आधी कमी ताकदीवर, मग पूर्ण.

“ऑरिन, पट्टी तू धर. वजनकाट्यावरचा माणूस आहेस, खोटं बोलणार नाहीस.”

मी पट्टी धरली. लाइलची चाळीस पटीची साडेतीन भरली, पण पूर्ण ताकदीवर पाव इंच घटली. एका शेतकऱ्याने चोरीच्या मालासारखी लपवत आणलेली स्वस्तातली दुर्बीण पावणेचारच्या जवळ गेली आणि तो लाजलाच. माझी बत्तीस पटीची, नऊ वर्षं वापरलेली, सरळ साडेतीन, दोन्ही टोकांना. बाईंची पावणेचार. मग वेडची साठ पटीची. कमी ताकदीवर पावणेचार, खोक्यावर होती तेवढीच. वेडने सगळ्यांकडे बघून हात पसरले.

“आता फिरव,” बाई म्हणाल्या.

पूर्ण ताकदीवर पावणेतीन. एक इंच गायब. मी तीनदा मोजलं. आणि ठिपक्याचं म्हणाल तर बाईंच्या दुर्बिणीचा मोहरीएवढा होता, याचा खसखशीएवढा. तेवढ्याशा उजेडात बुबुळ आणून ठेवायचं आणि सामन्याची बावीस मिनिटं हलवायचं नाही.

“आता पडा चटईवर,” बाई म्हणाल्या. “डोळे मिटा. गाल टेकवा, रोज टेकवता तिथेच. मान सैल सोडा. उघडा. काय दिसतं?”

वेड पडला. त्याची मान सारसासारखी लांब, त्याला गोल पूर्ण दिसला, आणि तसं तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. लाइल पडला, त्याला डावीकडून काळी कड दिसली. मी पडलो. मला अर्धा गोल दिसला, उरलेला अंधार. मान बोटभर पुढे घातल्यावर सगळं आलं.

“वेडला ती बसते,” बाई म्हणाल्या. “त्याने खुशाल वापरावी. मी कुणाची दुर्बीण फेकून द्या म्हणत नाही. माझ्या मानेवर ती बसवू नका एवढंच म्हणते. आणि एक ऐका. दुकानात स्टुलावर बसून, शर्टावर, कमी ताकदीवर लावलेली दुर्बीण ऑक्टोबरात कोट घालून पालथं पडल्यावर तशी राहत नाही. कोटाची जाडी रायफलला पुढे ढकलते. ही तर वर आणखी डोळा जवळ मागते. भिंतीवरच्या टोप्या आहेतच.”

“बाई, हे अंड्याच्या खोक्यावरचे आकडे ठीक आहेत,” वेड म्हणाला, “पण मोठ्या सामन्यांतले लोक काय वापरतात ते बघा. आणि संघ निवडायचा अधिकार कप्तानाचा आहे.”

“निम्म्याहून जास्त सभासदांनी हात वर केला तर कप्तानाला ऐकावं लागतं. तोही नियम आहे. ज्याने त्याने आपल्या मानेला बसेल ती दुर्बीण लावावी, हे ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा.”

स्वतः बाईंचा हात वर गेला. लाइलचा गेला. स्वस्त दुर्बीणवाल्याचा गेला. क्लबाच्या खजिनदारीण बाईंचा गेला. चार. नऊ जणांत पाच हवे होते.

माझे दोन्ही हात कॉफीच्या मगाभोवती होते. कॉफी गरमही नव्हती. मला जाकीट हवं होतं, हे आता सांगून टाकतो. पन्नास वर्षांत माझा फोटो कुठल्या मासिकात आलेला नाही. आणि मेहुणा तयार आहे म्हटल्यावर उद्या माझी जागाही जाईल असं वाटलं. पट्टी अजून माझ्या काखेत होती.

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी हात मोजले, मोठ्याने “चार” म्हणाल्या, माझ्या काखेतून पट्टी ओढून घेतली आणि पाई कापायला बसल्या. सगळ्यांना वाढली. मलाही. मी ती सगळी संपवली.

जाताना वेड म्हणाला, “मग सामन्याला बघायला तरी या बाई.”

“बघायला कशाला येऊ? वर्गणी भरलेली आहे माझी. एकट्याने झाडायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. शेवटची चटई माझी.”

शेवटची चटई म्हणजे चौदावी, गुरांच्या कुंपणाला लागून. वारा तिथे टेकडीवरून वळून येतो आणि कुणी मुद्दाम घेत नाही. सप्टेंबरभर संध्याकाळी कोठारावरून घरी जाताना मला त्यांची गाडी तिथे दिसायची आणि एकेक गोळीचा आवाज यायचा. मी थांबलो नाही. त्यांनी बोलावलंही नाही. शेजारी वारा वाचणारा कुणी नव्हता.

बारा ऑक्टोबरला सकाळी गवतावर दव गोठून पांढरं पडलं होतं आणि सगळे जाड कोटांत, आम्ही चौघं, बाईंच्या जागी वेडचा मेहुणा, त्यावर कंपनीची निळी जाकिटं चढवून. फोटो निघाला. मी पोट आत घेतलं होतं. गिल्मन फ्लॅटचा म्हातारा कप्तान आमच्याकडे बघून म्हणाला, “क्वामेबाई कुठायत?” वेडने चौदाव्या चटईकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने टोपी काढून त्या दिशेने हलवली. बाईंनी हात हलवला.

वीस गोळ्या, बावीस मिनिटं. माझ्या पहिल्या आठ बऱ्या गेल्या. साठ पटीतून लक्ष्य दाराएवढं दिसत होतं, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक गोळीनंतर मान आपली मूळ जागी परत यायची आणि डावीकडून काळी कड आत यायची. मी मान पुढे घालायचो, तिथे ती थरथरायची. डोळ्यातून पाणी येऊ लागलं. दहाव्या गोळीला कड अर्ध्यावर आली. अकराव्याला मी मान आणखी पुढे घातली, खांदा कोटाच्या घडीवरून सरकला, आणि मी चाप ओढला.

आवाज आठवत नाही. गरम काहीतरी नाकावरून ओठावर आलं आणि ते रक्त आहे हे चव घेतल्यावर कळलं. पंचांनी रायफल रिकामी करून बाजूला ठेवली, मला उताणा केला, भुवईवर कापड दाबलं. टाके पडले पाच.

नियम असा की संघातला माणूस जखमी झाला तर दुसऱ्या कप्तानाच्या संमतीने बदली चालतो. म्हातारा लगेच म्हणाला, “क्वामेबाईंना घ्या, माझी हरकत नाही.” दुसरं कुणाचं नाव कुणाला सुचलंही नाही, खुद्द वेडलाही नाही. त्याच्या स्वतःच्या वीसही झाडून झाल्या होत्या. तो वाकून मागच्या मागे चौदाव्या चटईपर्यंत धावला. मी आडवा होतो, पण वारा तिकडून इकडे होता, सगळं ऐकू आलं.

“बाई, ऑरिनला लागलंय. त्याच्या नऊ गोळ्या बाकी आहेत. तुम्ही या.”

“फार लागलंय?”

“भुवई फुटलीय. बोलतोय.”

“मग बरा आहे. माझ्यासुद्धा नऊ बाकी आहेत.”

“तुमचीच रायफल घ्या, तुमचीच दुर्बीण घ्या! काहीही चालेल!”

“ऑगस्टमध्ये चालत नव्हतं. वेड, माझ्या चटईवरचा पाय काढ. वारा आत्ता सरळ झालाय.”

“बाई, संघ हरेल!”

“हरेल. खाली बस.”

आणि छत्तीस वर्षांचा कप्तान खरोखरच खाली बसला, कुंपणाजवळ, थंड गवतावर. त्याच्यासमोर बाईंनी नऊ गोळ्या झाडल्या. एकेकीच्या आधी डोळे मिटायच्या, गाल टेकवायच्या, उघडायच्या. मान इंचभर हलली नाही, हलणारच नव्हती.

आम्ही सपाटून हरलो. माझ्या नऊ गोळ्यांच्या जागी शून्यं होती. वेडने दोनशेपैकी एकशेएक्याण्णव केले, आणि ते त्या साठ पटीतूनच. आर्डिसबाईंनी चौदाव्या चटईवरून, आडव्या वाऱ्यात, एकशेअठ्ठ्याऐंशी. त्यांचे गुण कुठल्याच संघाचे नव्हते. फळ्यावर सगळ्यांत खाली वेगळी रेघ मारून लिहिले होते.

वेड त्यांच्या गाडीपाशी गेला तेव्हा मी डोक्याला पट्टी बांधून जवळच उभा होतो.

“बाई, पुढच्या वर्षी तुमची जागा तुमची. हवी ती दुर्बीण लावा.”

“मला एकटीला सूट नको,” बाई रायफल पिशवीत घालत म्हणाल्या. “माझी मान मोडलीय म्हणून तू दया करणार, आणि ऑरिनसारख्या धडधाकट माणसाची भुवई फुटणार. नियम कर. दुर्बीण ज्याच्या त्याच्या मानेला बसेल ती लावायची, कोटावर, पालथं पडून, पूर्ण ताकदीवर. आणि हात वर करून मोजणी होईल तेव्हा तुझा पहिला.”

“करतो.”

“आणि डोळ्यांवरून, वयावरून पुन्हा बोललास तर सातव्या सीटवरून उठवून पहिल्या सीटवर आणीन, माझ्या मागे.”

“हो बाई.”

मी क्लबात गेलो. नियम तो नियम. टोपी काढली, निळ्या जाकिटासोबत मिळालेलीच होती, कंपनीचं नाव कपाळावर असलेली. लाल लोकरीच्या टोपीशेजारी मोकळी जागा होती, तिथे ठोकली. खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘ऑरिन, १२ ऑक्टोबर’. मागून बुटांचा आवाज आला. बाई येऊन उभ्या राहिल्या, आधी माझी पट्टी बघितली, बोटाने जरा उचलून टाके बघितले.

“माझ्यापेक्षा मोठी पडणार,” त्या म्हणाल्या.

“बाई, त्या दिवशी मी...”

“पेन्सिल दे.”

मी दिली. त्यांनी सगळ्या अंगाने भिंतीकडे वळून माझं नाव वाचलं, तारीख वाचली.

“तारीख चुकलीय तुझी,” म्हणाल्या, आणि ‘१२ ऑक्टोबर’वर सरळ रेघ मारून खाली ‘१७ ऑगस्ट’ लिहिलं.